लेकीकडे गेलेला डॉक्टर

शहरातला खून काकांना चालत नसे. म्हणजे पुस्तकातला. नवं पुस्तक हातात आलं की ते पहिल्या दोन-तीन पानांत गाव शोधायचे, आणि गावाऐवजी एखादं मोठं शहर निघालं की पुस्तक मिटून बाजूला ठेवून द्यायचे. "शहरात कोण मेलं ते कुणाला ठाऊक असतंय?" ते म्हणायचे. "ठाऊकच नाही तर शोधायचं कुणी आणि कशाला? खून गावातच व्हायला पाहिजे बघ. पोस्टवाली, बेकरीवाला, देवळातला पुजारी, सगळ्यांची झोप उडायला पाहिजे." खुनाबद्दल इतक्या आपुलकीने बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

काका माझे घरमालक. मूळचे निपाणीचे, पण सगळी नोकरी बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून झालेली. इंदिरानगरच्या एका आडगल्लीत त्यांचं जुनं बैठं घर होतं, तांबड्या ऑक्साइडच्या गुळगुळीत जमिनीचं, आणि गच्चीवर एक खोली. ती मला भाड्याने हवी होती. मी पुण्याहून आलेली, ऑफिस बेळ्ळंदूरला, आणि तिथल्या उंच इमारतींना कंटाळलेली. मला वाटलं, काका पगार विचारतील, लग्नाचं विचारतील, मांसाहाराचं विचारतील. त्यांनी एकच विचारलं.

"आधी जिथं राहत होतीस तिथं शेजारी कोण होतं?"

मी आठवून पाहिलं. "एक कपल होतं. त्यांचा एक कुत्रा होता."

"नावं?"

"त्यांची नाही माहीत. कुत्र्याचं माहितेय. सिंबा."

काकांनी आत बघून हाक मारली, "अगं, हिला कुत्र्याचं नाव माहीत आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सरी, चालेल. कुत्र्यापासून का होईना, सुरुवात झालीय. कधी येतेस राहायला?" आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. मी त्याच शनिवारी सामान आणलं.

काकांची ती खुनाची पुस्तकं सगळी इंग्रजी. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पिशव्या भरभरून आणलेली. साहेबांच्या देशातलं एखादं इटुकलं खेडं, चाळीसेक घरं, एक चर्च, एक चहाचं दुकान, आणि त्यात कुणीतरी कुणाला तरी शांतपणे विष घातलेलं. रक्त फारसं नाही, आरडाओरडा नाही. शोध लावणारा माणूसही पोलीस नसतो, लोकर विणणारी एखादी म्हातारी नाहीतर बेकरी चालवणारी बाई असते. सुरुवातीला मला हसू यायचं. कपाळाला गंध लावलेला, सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणणारा माणूस, आणि दुपारभर काळजी कशाची, तर केकवरच्या साखरेत काय मिसळलं होतं त्याची.

पुस्तकाच्या सुरुवातीला गावाचा नकाशा छापलेला असला की काकांचा सण. तो नकाशा ते खडू घेऊन पुढच्या पडवीच्या तांबड्या जमिनीवर मोठा करून काढायचे. इथे चर्च, इथे पोस्ट, ही नदी, हा पूल. पुस्तक संपेपर्यंत तो पुसायचा नाही. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याने गाव चुकवून चालायचं. एकदा पडवी ओली होती म्हणून त्यांनी तो फाटकाबाहेर रांगोळीने काढला. गल्लीतल्या बायका रोज सकाळी दारापुढे रांगोळी घालत, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. फक्त समोरच्या घरातल्या बाई येऊन कानडीत विचारून गेल्या की या देवाचं नाव काय.

पण खरी वाचक काकू. निवृत्तीपर्यंत शाळेत गणित शिकवलेलं. दोघं एकच पुस्तक वाचायचे, आधी काकू, मग काका. काकू एका दुपारी निम्मं पुस्तक संपवायच्या, निम्म्यावर खुनी कोण ते ओळखायच्या आणि उरलेलं केवळ खात्री करायला वाचायच्या. काका आठवडा लावायचे. आणि इतक्या पुस्तकांत त्यांना खुनी एकदाही सापडला नाही. कारण त्यांना गावातली सगळीच माणसं आवडायची.

"तो कसा करेल गं? सकाळी त्याने मांजरीला दूध घातलंय, तिसऱ्या प्रकरणात."

"म्हणूनच," काकू भाजी चिरता चिरता म्हणायच्या.

"काय म्हणूनच?"

"वाचा पुढे."

मग दोन दिवसांनी काका पडेल चेहऱ्याने खाली पडवीत बसलेले दिसायचे. त्या मांजरवाल्यानेच केलेलं असायचं. काका मला म्हणायचे, "बघ की, कसा चांगला माणूस होता." खुनी पकडला गेल्याचं दुःख होणारे ते जगातले एकटेच वाचक असावेत. खुनी कोण यावर दोघांची पैज असायची, ती हरल्याबद्दल त्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीतून काकूंसाठी दिलपसंद आणायचे, खोबरं आणि टुटीफ्रुटी भरलेला तो गोड पाव. काकू त्यातला एक तुकडा मला द्यायच्या आणि म्हणायच्या, "यांना खोटं बोलणारा माणूस ओळखता येत नाही, कारण यांना स्वतःला येत नाही खोटं बोलायला." तेव्हा हे कौतुकाने म्हटलेलं होतं.

आमची गल्ली म्हणजे काही खेडं नव्हतं. एका टोकाला तीन पब, दुसऱ्या टोकाला पाडून बांधलेल्या चकचकीत इमारती, मध्ये आठ-दहा जुनी घरं. पण काका ती खेडं असल्यासारखीच वापरायचे. इस्त्रीवाल्या मुरुगनच्या मुलीचा बारावीचा निकाल त्यांना मुरुगनच्या आधी कळायचा. कुणाच्या दारात दुधाची पिशवी नऊपर्यंत तशीच पडली असली की काका बेल वाजवायचे. लोक वैतागायचे. एक नवा भाडेकरू डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला, "अंकल, मी झोपलो होतो." काका म्हणाले, "बरं झालं. झोप जा परत." मीही कितीदा त्यांच्यावर चिडले असेन. रात्री उशिरा आले की सकाळी चौकशी, मैत्रीण आली की चौकशी, पार्सल आलं की चौकशी. मी फटकळपणे म्हटलंही, "काका, मी खुनी नाहीये." ते शांतपणे म्हणाले, "खुनी म्हणून नाही गं विचारत. मेलीस तर कळायला पाहिजे."

हे ते गमतीत म्हणत नाहीत हे मला पहिल्याच वर्षी कळलं. पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण मुलगा एकटा राहत होता. तो गेला, झोपेतच, आणि कुणाच्या लक्षात यायला मधले काही दिवस गेले. अँब्युलन्स आली तेव्हा गल्लीत गर्दी जमली. काका चपला न घालता धावत गेले आणि वॉचमनला विचारू लागले, कोण होता, नाव काय. वॉचमन म्हणाला, "थर्ड फ्लोअर, सर." काकांनी चौघा-पाचजणांना विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, थर्ड फ्लोअर. काकांचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "थर्ड फ्लोअर हे माणसाचं नाव असतंय काय?"

ते वर गेले, पोलिसांशी बोलले, त्याच्या ऑफिसात फोन लावून घेतले आणि नाव मिळवलंच. बिदरकडच्या एका खेड्यातला होता. दुसऱ्या दिवशी त्याचे आईवडील आले तेव्हा त्यांना बसायलाही कुणाचं घर नव्हतं. काका त्यांना आपल्या घरी घेऊन आले. काकूंनी त्या बाईला आत नेऊन पाणी दिलं, हात धरून बसल्या. काका त्या वडिलांना त्यांच्या मुलाचं नाव घेऊन विचारत राहिले, लहानपणी कसा होता, शाळा कुठली, खायला काय आवडायचं. वडील सांगत राहिले. मी दारात उभी होते, आत जावं की नको हे मला कळत नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस पडवीत नकाशा निघाला नाही.

दर रविवारी सकाळी निपाणीहून काकूंच्या धाकट्या बहिणीचा फोन यायचा. तिला मी कधी पाहिलं नाही, पण आवाज ओळखायचे, कारण काकू फोन स्पीकरवर ठेवायच्या आणि कामं करता करता बोलायच्या. धाकटी विधवा होती, लेक पुण्याला दिलेली, स्वतः मुलगा-सुनेजवळ राहायची आणि निपाणीतल्या आपल्या गल्लीची खडान्‌खडा बातमी द्यायची. कुणाचं ठरलं, कुणाचं मोडलं, कोण पडलं, कोण गेलं. काका पेपर वाचण्याचं सोंग घेऊन ऐकत बसायचे. कधी मध्येच विचारायचे, "आणि त्या तंबाखूवाल्याच्या सुनेचं काय झालं?" धाकटी म्हणायची, "भावजी, तुम्ही ऐकत बसलाय होय!" दोघी बहिणी एकदमच हसायच्या. मूलबाळ नव्हतं काकूंना. धाकटीला त्यांनी लहानपणी कडेवर घेऊन वाढवलेलं. त्या एका फोनवर काकूंचा आठवडा चालायचा.

मग काकूंना झटका आला. पक्षाघाताचा. बोलणं हळूहळू परत आलं, उजवा हात आला नाही, आणि वाचणं गेलं. अक्षरं जागेवर थांबत नाहीत म्हणायच्या. डॉक्टरांनी काकांना बजावलं होतं की रक्तदाब चढता कामा नये, दुसरा झटका आला तर काही खरं नाही, मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. आणि आठवणीत मधेमधे भोकं पडलेली असतील, असंही म्हणाले होते. हे दुसरं वाक्य काकांनी जरा जास्तच मनावर घेतलं.

तेव्हापासून काका वाचून दाखवू लागले. संध्याकाळचा चहा झाला की काकूंच्या पलंगाशी खुर्ची ओढायची आणि इंग्रजी पुस्तक उघडून मराठीत सांगायचं. नवी पुस्तकं आणायला त्यांना बाहेर पडवत नव्हतं, म्हणून घरातलीच जुनी काढली, दोघांनीही पूर्वी वाचलेली. सांगता सांगता त्या खेड्याचं निपाणी करून टाकायचे. चर्चचा पाद्री पुजारी व्हायचा, चर्चची जत्रा खरोखरच जत्रा व्हायची, चहाबरोबरचे केक दिलपसंद व्हायचे. नकाशाही आता पलंगाजवळच्या जमिनीवर निघू लागला, काकूंना कुशीवर वळलं की दिसेल असा. मी घरून काम करायचे तेव्हा आणि शनिवार-रविवारी हटकून ऐकायला जाऊन बसायचे. मला खुनांत रस नव्हता. पण काका वाचताना काकूंचा निकामी हात आपल्या मांडीवर घेऊन बसायचे, आणि पान उलटायची वेळ आली की तो अलगद बाजूला ठेवून, पान उलटून, परत घ्यायचे. ते बघायला मला आवडायचं.

निपाणीहून तो फोन आला तेव्हा मी घरीच होते. दुपारची वेळ, काकू झोपलेल्या. भाच्याचा फोन होता. धाकटी सकाळी अंगणात पाणी तापवताना कोसळली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपली. काकांनी फोन ठेवला, न्हाणीघरात जाऊन अवेळी डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच वर माझ्या खोलीत आले. म्हणाले, "हिला सांगायचं नाही."

"काका, असं कसं? सख्खी बहीण आहे."

"म्हणूनच. भाच्याला सांगितलंय, इकडं फोन करू नका म्हणून. धाकटी लेकीकडे गेलीय पुण्याला. लेकीचं बाळंतपण आहे. तिकडचा फोन नीट लागत नाही. एवढंच सांगायचं. तूही."

"आणि तुम्ही? तुम्ही नाही जाणार?"

"कसा जाऊ? कुठं चाललो म्हणून सांगू?"

मी गप्प बसणारी बाई नव्हे. म्हटलं, "काका, त्या थर्ड फ्लोअरवाल्या मुलासाठी तुम्ही सगळी गल्ली डोक्यावर घेतली होतीत. माणूस गेलेला कळायला पाहिजे म्हणत होता. मग काकूंना का नको कळायला?"

ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. केसांतलं पाणी सदऱ्यावर ओघळत होतं. म्हणाले, "तो मुलगा गेला होता गं. ही अजून आहे. मला हिला राखायचंय." मी कबूल झाले. पण काकूंच्या खोलीत जाताना मी आधी दाराशी थांबायचे, ते शेवटपर्यंत.

आणि मग ते सुरू झालं. त्या संध्याकाळी जे पुस्तक चालू होतं त्यात गावातला म्हातारा डॉक्टर जत्रेच्या दिवशी चहा पिऊन मरणार होता. काका त्या पानावर आले आणि थांबले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "आणि डॉक्टरसाहेब चहा पिऊन उठले आणि... आणि गेले. धारवाडला. लेकीकडे."

मी चमकून बघितलं. काकू डोळे मिटून पडल्या होत्या.

"कुणाला न सांगता?" त्यांनी विचारलं.

"होय. कुणालाच न सांगता."

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी पेन्सिल घेऊन पुस्तकाची पुढची पानं तयार करू लागले. मेलेल्या माणसावर उभं असलेलं पुस्तक, आणि यांना त्यातून मेलेला माणूस काढायचा. डॉक्टरच्या अंत्यविधीची त्यांनी सत्यनारायणाची पूजा केली. मृत्युपत्र काढून टाकलं. चहात विष होतं, पण तो चहा कुणी प्यायलाच नव्हता, मोरीत ओतला होता. शहरातून आलेल्या इन्स्पेक्टरला काही कामच उरलं नाही, बिचारा घरोघर जाऊन कॉफी पीत होता आणि हवापाण्याच्या गप्पा मारत होता. एरवी मी हसून लोळले असते. पण काका घाम पुसत पुसत त्या सगळ्या गावाला सांभाळत होते, आणि हसू यायचं नाही. धाकटी गेली त्या दिवसापासून 'मेला' हा शब्द काकूंच्या समोर त्यांच्या तोंडून निघतच नव्हता. मेलेली माशीसुद्धा ते काकूंसमोर "पडलीय" म्हणायचे.

काकूंचे प्रश्न मात्र वाढले.

"डॉक्टर गेला, तर त्याच्या घरी दिवा कोण लावतं?"

"शेजारी लावतात."

"त्याच्या कुत्र्याला कोण जेवायला घालतं?"

"पुजारी."

"लेक कळवत नाही काही? पोचला म्हणून?"

"तिकडं फोन लागत नाही नीट," काका म्हणाले, आणि पान उलटलं.

रविवार सकाळ आली की घर अवघडायचं. काकू फोनकडे बघायच्या नाहीत. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "धाकटीचा नाही आला?" काकांनी पाठ केलेलं सगळं सांगितलं, लेक, बाळंतपण, पुणे. काकू "बरं" म्हणाल्या. नंतरच्या रविवारी त्यांनी विचारलंच नाही. मला वाटलं, खरोखर आठवणीत भोकं पडलीत. आणि काकांना तसंच वाटून बरं वाटत होतं, हे मला दिसत होतं. ते मला जिन्यात म्हणालेसुद्धा, "बघ, विसरतेय हळूहळू. देवाने सोय केलीय." आपली बायको सख्ख्या बहिणीला विसरतेय याचा आनंद मानावा लागणं म्हणजे काय, ते त्या माणसाच्या तोंडावर बघवत नव्हतं.

असेच तीन-चार रविवार गेले असतील. एका रविवारी संध्याकाळी पुस्तक जवळजवळ संपायला आलं होतं. काका चहाचा कप ठेवून सुरुवात करणार, तेवढ्यात काकू डोळे उघडून म्हणाल्या, "अहो, पुरे झालं आता. त्या डॉक्टरला मरू द्या."

काकांच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. "कुठल्या डॉक्टरला?"

"तुमच्या त्या धारवाडला गेलेल्या. हे पुस्तक मी पूर्वी वाचलंय. तो जत्रेतच मेला होता, मंडपात, सगळ्यांच्या देखत. पोस्टवालीने केलं होतं." शब्द हळू येत होते, एकेक ठेवून दिल्यासारखे. "डॉक्टरपण लेकीकडे, धाकटीपण लेकीकडे. इकडंही फोन लागत नाही, तिकडंही लागत नाही. एवढी पुस्तकं वाचलीत, तुम्हाला दुसरी थाप सुचली नाही?"

मी रक्तदाबाचं यंत्र कुठे आहे ते शोधू लागले. काकू म्हणाल्या, "तू बस गं. काही होत नाही मला." मग काकांना विचारलं, "कधी?"

काकांनी दिवस सांगितला. कसं झालं ते सांगितलं. काकू ऐकत होत्या. "त्या दिवशी तुम्ही दुपारी आंघोळ केलीत. केस ओले होते. मला वाटलं, कारखान्यातलं कुणी असेल." मग विचारलं, "कुठलं लुगडं नेसवलं?"

"मला... माहीत नाही."

"खांदा कुणी दिला? तो तंबाखूवाला आला होता?"

"विचारलं नाही मी."

"दिवसांना कोण गेलं आपल्याकडून?"

काकांनी मान खाली घातली. "तुला सोडून कसा जाणार होतो?"

"म्हणजे थोरल्या बहिणीच्या घरचं कुणीच गेलं नाही," काकू म्हणाल्या. "सगळी गल्ली बसली असेल तिच्या दारात. सगळ्यांनी बघितलं असेल. हिच्या बहिणीकडचं कोणी नाही." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चुकलेल्या गणितावर बोट ठेवल्यासारख्या बोलत होत्या, आणि त्यांचे डोळे कोरडे होते. काका लहान मुलासारखे रडायला लागले. "मला तू पाहिजे होतीस गं," ते म्हणत राहिले, "मला फक्त तू पाहिजे होतीस." काकूंनी डावा हात पुढे करून त्यांच्या डोक्यावर ठेवला. पण नजर भिंतीकडेच होती. तशाच म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीने जा."

"आणि तू?"

"ही आहे की." म्हणजे मी.

आजारपणानंतर काकांनी काकूंना एका रात्रीपुरतंही सोडलं नव्हतं. सोमवारी सकाळी ते निघाले तेव्हा फाटकातून दोनदा परत आले, एकदा गोळ्यांची वेळ सांगायला, एकदा नुसतेच. मी ऑफिसला कळवून टाकलं की घरात गमी झालीय. मॅनेजरने विचारलं, कोण. मी म्हटलं, मावशी. तसं म्हणताना मला काही खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

तो दिवस फार लांबला. काकू जेवल्या, गोळ्या घेतल्या, भिंतीकडे वळून पडल्या. रडल्या तर बरं, असं मला वाटत होतं आणि रडल्या तर काय होईल याची भीतीही वाटत होती. दर तासाला मी त्यांच्या दंडाला यंत्र लावत होते आणि त्या लावू देत होत्या. काका निपाणीला पोचायला रात्र होणार होती. त्यामुळे फोन आला तो मंगळवारी सकाळी. मी तो स्पीकरवर टाकून काकूंच्या उशीशी ठेवला.

"मी धाकटीच्या अंगणात बसलोय," काका म्हणाले. आवाज बसलेला होता. मागे माणसांची कुजबुज, भांड्यांचा आवाज.

"सांगा," काकू म्हणाल्या.

"भाचा आहे इथं, माझ्याशेजारी. बोलत नाही माझ्याशी नीट. बरोबरच आहे त्याचं. सून आहे, आत चहा टाकतेय. मी आलोय कळल्यावर गल्लीतली माणसं यायला लागलीत. तंबाखूवाला आलाय. खांदा त्यानेच दिला होता, पहिला. समोरची म्हातारी आलीय, तिला ऐकू येत नाही. ती सारखी विचारतेय, थोरली का नाही आली. मी ओरडून सांगितलं, आजारी आहे. मग ती म्हणाली, तिला कधी सांगितलंस? मी सांगितलं, परवा. सगळे गप्प बसले." काका थांबले. "लुगडं हिरवं नेसवलं होतं. तू दिवाळीला पाठवलेलं. तिने ठेवणीत ठेवलं होतं, घडी मोडली नव्हती. सून म्हणाली, तेच नेसवा असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं."

काकूंच्या तोंडातून एक आवाज निघाला. मी यंत्राकडे धावले. त्यांनी डाव्या हाताने मला अडवलं. त्या मोठ्याने, गळा काढून रडत होत्या, आजारपणात जो आवाज परत येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं तो सगळा आवाज लावून रडत होत्या. समोरच्या घरातल्या बाई धावत फाटकापर्यंत आल्या, इस्त्री टाकून मुरुगन आला, आणि दोघं काही न विचारता दारात येऊन उभे राहिले.

फोनवर काका घाबरून हाक मारत होते, "अगं, थांबू का? बंद करू काय?"

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "थांबू नका," त्या म्हणाल्या. "आणखी कोण कोण आलंय ते सांगा."